‘दोनावर एक एकवीस’ ते ‘वीस एक’ : प्राथमिक अंकगणित आणि मराठी संख्यानामे

मराठी मुलास शंभरापर्यंत मोजावयास शिकविणे म्हणजे त्यास शंभर निरनिराळे शब्द पाठ करावयास लावणे होय, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. चिनी भाषेत पहिल्या दहा संख्यांची नावे आली, की नव्व्याण्णवापर्यंतची सर्व नावे मुलास स्वतःच बनविता येतात. कानडीत ‘इप्पत्तु’ म्हणजे वीस आणि ‘ओंदु’ म्हणजे एक हे कळले, की ‘इप्पत्तोंदु’ म्हणजे एकवीस हे सांगावे लागत नाही. मराठीत मात्र ‘तीन’ आणि ‘सत्तर’ हे दोन्ही शब्द उत्तम अवगत असलेल्या मुलास ‘त्र्याहत्तर’ हा शब्द स्वतंत्रपणे शिकावा लागतो. आणि तो शिकल्यावरही ७३ असे लिहावयाचे की ३७, याविषयी त्याचा गोंधळ काही काळ होतच राहतो. पहिली-दुसरीच्या वर्गात ज्या मुलांवर ‘गणितात कच्चा’ असा शिक्का बसतो, त्यांपैकी कित्येकांची अडचण गणिताची नसून नामांची असते. ही गोष्ट शिक्षकांच्या अनुभवास दीर्घकाळ येत होती. परंतु तिला सार्वजनिक वादाचे स्वरूप आले ते जून २०१९ मध्ये, बालभारतीचे इयत्ता दुसरीचे नवे गणिताचे पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा.

त्या पुस्तकात एकवीसपासून पुढील संख्यांचे वाचन ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशा रीतीने दिले होते आणि त्याजबरोबर ‘एकवीस’, ‘बावीस’ ही रूढ नावेही दिली होती. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलाचे समर्थन करताना दोन कारणे पुढे केली. एक म्हणजे रूढ नावांतील जोडाक्षरांची क्लिष्टता. दुसरे म्हणजे बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम परस्परविरुद्ध असल्यामुळे होणारा गोंधळ. दक्षिणेकडील भाषांत दशक आधी उच्चारले जाते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. यावर मोठे वादळ उठले. मराठी भाषेवर इंग्रजीचे कलम केले जात आहे, असा आक्षेप आला. वृत्तपत्रांत विडंबने आली. विधानसभेत तर मुख्यमंत्र्यांच्या आडनावातील ‘वीस’ या अक्षरांवर कोटी करण्यात आली. (भाषाशास्त्राच्या दृष्टीने ती कोटी अर्थातच निराधार होती, ‘फडणवीस’ या शब्दातील ‘नवीस’ म्हणजे फारसीतील लिहिणारा, त्याचा विसाशी काही संबंध नाही. परंतु कोटीने व्युत्पत्तीची पर्वा करावी, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.) या वादात दोन्ही पक्षांनी जे एक गृहीत धरले होते, ते असे, की मराठी शाळेत संख्या शिकविण्याची एकच जुनी रीत होती आणि आता ती प्रथमच बदलली जात आहे. इतिहास या गृहीतास पाठिंबा देत नाही.

प्रथम नावांचा विचार करणे इष्ट आहे. मराठीची संख्यानामे प्राकृताच्या द्वारे संस्कृतातून आलेली आहेत आणि एकक आधी, दशक नंतर हा क्रम संस्कृताचाच आहे. एकविंशति, द्वाविंशति यांपासून प्राकृतात एक्कवीसा, बावीसा आणि त्यांपासून एकवीस, बावीस अशी ही परंपरा सरळ आहे. सरळ नाही ती ध्वनींची गोष्ट. ही नावे वाक्यात नव्हे तर एकामागून एक मोजणीत उच्चारली जात असल्यामुळे ती झिजली, आणि शेजारच्या नावांच्या ओढीने त्यांत बदलही झाले. परिणामी सुटा अंक आणि समासातील अंक यांची फारकत झाली. ‘सहा’ हा अंक घ्यावा : सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव. या नऊ नावांत ‘सहा’ स्पष्टपणे ऐकू येतो तो एका नावात. दशकांचीही तीच गत. सुटा ‘पन्नास’, परंतु समासात ‘‑वन्न’ किंवा ‘‑पन्न’. सुटा ‘साठ’, परंतु समासात प्राकृतापेक्षा संस्कृताकडे झुकलेला ‘‑सष्ट’. सुटा ‘सत्तर’, परंतु समासात सकाराचा हकार होऊन ‘‑हत्तर’. सुटा ‘नव्वद’, परंतु समासात ‘‑ण्णव’.

याहून अवघड प्रकरण ‘एकोण’ या पूर्वपदाचे आहे. ‘एकोन’ म्हणजे एकाने उणे. एकोणीस ते एकोणनव्वद अशी आठ नावे या रीतीने बनलेली आहेत. ‘अडतीस’ या संख्येनंतर मूल ‘एकोणचाळीस’ हा शब्द ऐकते, त्यात त्यास ‘चाळीस’ ऐकू येते आणि नऊ तर कोठेच ऐकू येत नाही. ३९ ऐवजी ४९ लिहिणारे मूल कानाशी प्रामाणिकच असते. संस्कृतात ‘नवदश’ आणि ‘एकोनविंशति’ असे दोन्ही पर्याय होते. अर्वाचीन भाषांनी त्यांतून आपापल्या परीने निवड केली : हिंदीने ८९ साठी ‘नवासी’ घेतले, मराठीने ‘एकोणनव्वद’, ९९ च्या बाबतीत मात्र दोघींनीही उणेपणाची वाट सोडली, आणि ‘नव्व्याण्णव’ हे नाव ओळीतील एकमेव अपवाद होऊन बसले. मुलाने नियम शोधला तर तो नेमका शंभराच्या उंबरठ्यावर मोडतो.

आता शाळेकडे वळावे. पंतोजीच्या शाळेत मूल धुळाक्षरे गिरवीत असे. पाटीवर धूळ पसरून तीवर बोटाने किंवा काडीने अंक काढावयाचे आणि तोंडाने ते म्हणावयाचे. या म्हणण्याची जी पद्धत होती, ती येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मूल नुसते ‘अकरा, बारा, तेरा’ असे म्हणत नसे. ते ‘एकावर एक अकरा, एकावर दोन बारा’ असे म्हणे. पुढे ‘दोनावर पूज्य वीस, दोनावर एक एकवीस’ असे म्हणे. पूज्य म्हणजे शून्य. म्हणजे लिखित आकृतीचे डावीकडून उजवीकडे वाचन आधी, आणि भाषेतील नाव मागाहून. लेखनाचा क्रम आणि नामाचा क्रम एकमेकांच्या उलट आहेत, ही अडचण त्या अनामिक परंपरेने ओळखली होती आणि दोन्ही क्रम एकाच दमात म्हणवून घेऊन तिने त्यांची गाठ घालून दिली होती. २०१९ च्या पुस्तकातील ‘वीस एक, एकवीस’ ही जोडी रचनेच्या दृष्टीने याच जुन्या उजळणीची वारसदार आहे, हे त्या वादात फारसे कोणी बोलले नाही.

तथापि या दोन सूत्रांत एक महत्त्वाचा भेद आहे आणि तो झाकणे योग्य होणार नाही. ‘दोनावर एक’ हे आकृतीचे वर्णन आहे. त्यात दोन म्हणजे दोनच, त्याची किंमत वीस आहे हे कोठेही सांगितलेले नाही. ‘वीस एक’ हे किमतीचे वर्णन आहे. पंतोजीचा विद्यार्थी संख्या चुकता न लिहावयास शिके. स्थानाची किंमत त्यास ‘एकं, दहं, शतं, सहस्र’ या वेगळ्या पाठांतरातून कळे किंवा न कळे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त दशगुणोत्तर स्थानांची नावे सांगितली आहेत, त्याच विद्येचा हा घरगुती अवशेष होता. स्थाने मोजावयाची ती उजवीकडून, वाचावयाचे ते डावीकडून आणि नाव उच्चारावयाचे ते पुन्हा उजवीकडून, अशी ही तिहेरी कसरत सहा-सात वर्षांच्या मुलाकडून करवून घेतली जात असे.

पाढ्यांची भाषाही संख्यानामांहून निराळी होती. ‘बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ’ यांत ‘दुणे’ म्हणजे द्विगुण, ‘चोक’ म्हणजे चतुष्क, आणि पुढे येणारा ‘सक’ म्हणजे षट्क. ‘बे’ हा शब्द तर गुजरातीत दोन या अर्थी आजही चालू आहे; मराठीने ‘दोन’ स्वीकारून ‘बे’ केवळ पाढ्यात जपून ठेवला. हे जपणे निरर्थक नव्हते. ज्या मुलाच्या जिभेवर ‘बे’ बसला, त्यास बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न या नावांतील ‘ब’ परका वाटत नाही. पाढे हे गुणाकाराचे साधन असले, तरी ते नकळत संख्यानामांची पूर्वतयारीही करून देत. आधुनिक पाठ्यपुस्तकांनी कोठे कोठे ‘दोन एके दोन’ असा पाढा स्वच्छ करून घेतला, तेव्हा हा दुवा तुटला, असे म्हणावे लागते.

पूर्णांकांच्या पाढ्यांनंतर अपूर्णांकांचे पाढे येत : पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. ही नावे म्हणजे प्राकृत गणिताचे संग्रहालयच होय. ‘पाऊण’ हा पादोन, म्हणजे पावाने उणा. ‘सव्वा’ हा सपाद, म्हणजे पावासह. ‘दीड’ च्या मुळाशी द्व्यर्ध आहे, ‘अडीच’ च्या मुळाशी अर्धतृतीय आणि ‘औट’ च्या मुळाशी अर्धचतुर्थ. अर्धतृतीय म्हणजे ज्यातील तिसरा अर्धा आहे असे, अर्थात अडीच. या पाढ्यांना आज कोणी हौस समजेल. त्या काळी ती गरज होती. रुपयाचे आणे सोळा, पैसे चौसष्ट आणि पया एकशे ब्याण्णव. मणाचे शेर चाळीस. सगळा व्यवहार पाव, अर्धा आणि पाऊण यांनी चाले. चार आण्यांच्या नाण्याचे नावच पावली आणि आठ आण्यांच्या नाण्याचे अधेली होते. साडेतीन आणे शेर या भावाने सात शेर जिन्नस घेतला, तर औटकीत सातावर पोचताच ‘साडेचोवीस’ हे उत्तर तोंडातून बाहेर पडे, म्हणजे एक रुपया साडेआठ आणे. सव्वा रुपया मण या भावाने तेरा मण म्हणजे सवायकीतले तेरा, अर्थात सव्वासोळा रुपये. कागद नाही, अंशछेद नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात या कोष्टकांची नावे नोंदलेली आहेत, त्यावरून ती शाळेबाहेरही किती परिचित होती याची कल्पना येते.

१८२२ मध्ये मुंबईत देशी भाषांतील शाळा आणि पुस्तके यांसाठी मंडळी स्थापन झाली. तीच पुढे १८२७ पासून बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्री मंडळींच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत आणली. त्यांत युरोपीय पद्धतीचे नियम, व्याख्या आणि उदाहरणे आली. गणित हे तोंडातून कागदावर आले, आणि नियम समजून घेण्याचा विषय झाले, हे या पुस्तकांचे कार्य मान्य केलेच पाहिजे. परंतु ती पुस्तके लेखनाच्या शिक्षणासाठी होती; ‘एकावर एक अकरा’ च्या टप्प्यावरील मुलाच्या हाती ती पडत नसत. १८५५ मध्ये शिक्षणखाते स्थापन झाल्यावरही खालच्या वर्गांत उजळणी आणि पाढे आपल्या जागी राहिले, आणि घरोघर तिन्हीसांजेचा परवचाही चालू राहिला. घोकंपट्टीवर टीका करणाऱ्यांची संख्या वाढत गेली. घोकण्यात जे भाषिक ज्ञान साठविलेले होते, त्याची मोजदाद मात्र कोणी केली नाही.

विसाव्या शतकात बालशिक्षणाच्या चळवळीने वेगळी दिशा दाखविली. ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाच्या कार्यास आरंभ केला, १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार काढले आणि १९४५ पासून बोर्डी व पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह बालवाडीचा प्रयोग केला. माँटेसरी पद्धतीचे महागडे साहित्य खेड्यात परवडणारे नव्हते. म्हणून परिसरातील बिया, खडे, शिंपले, काड्या यांतून शैक्षणिक साधने तयार झाली. दहा काड्यांची एक जुडी बांधली, की दशक ही कल्पना हातात धरता येते. ज्या मुलाने दोन जुड्या आणि एक सुटी काडी समोर ठेवली आहे, त्यास ‘वीस आणि एक’ असे म्हणणे स्वाभाविक वाटते. ‘वीस एक’ या वाचनाचे खरे मूळ इंग्रजीत शोधण्यापेक्षा या काड्यांच्या जुडीत शोधणे अधिक सयुक्तिक आहे.

दरम्यान व्यवहारच बदलला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी प्रचारात आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे हा हिशेब काही वर्षे सर्वांनाच छळीत राहिला. १९५६ च्या कायद्यान्वये दशमान वजने-मापेही १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. शेर, मण आणि आणे गेल्यावर औटकीस काम उरले नाही आणि ती अभ्यासक्रमातून निघून गेली. या कोष्टकांच्या अस्तावर त्या काळी महाराष्ट्रात कोणी मोर्चे काढल्याचे ऐकिवात नाही. शब्द मात्र कोष्टकांहून चिवट ठरले. सव्वा, दीड, अडीच, पावणेदोन यांशिवाय आजही मराठी माणसास वेळ सांगता येत नाही. आणि पंचवीस पैशांच्या नाण्यास ते ३० जून २०११ रोजी चलनातून जाईपर्यंत लोक ‘चार आणे’ च म्हणत होते. मापन बदलले म्हणून भाषा बदलत नाही, आणि पाठ्यपुस्तक बदलले म्हणून तर मुळीच नाही.

परदेशांतील दाखले या निष्कर्षास पुष्टी देतात. नॉर्वेच्या संसदेने १९५० मध्ये निर्णय घेऊन १ जुलै १९५१ पासून ‘एक आणि वीस’ या क्रमाऐवजी ‘वीस एक’ हा क्रम अधिकृत केला. त्यामागील प्रेरणा शाळेची नसून दूरध्वनीची होती. क्रमांक सांगताना चुका होत होत्या. शाळा आणि नभोवाणी यांनी नवा क्रम स्वीकारला, तरी जुना क्रम अनेक दशके बोलण्यात टिकून राहिला. वेल्श भाषेत एकवीस या संख्येचे जुने नाव शब्दशः ‘विसावर एक’ असे आहे, आणि ते वाचताना मराठी वाचकास आपल्या उजळणीतील ‘वर’ आठवल्यावाचून राहणार नाही. शाळेतील अंकगणितासाठी तेथे ‘दोन दहा एक’ ही रीत रुळली आहे, तर तारीख, वेळ आणि वय यांसाठी जुनी नावे चालतात. चेक भाषेत दोन्ही क्रम शेजारी शेजारी नांदतात. जर्मन भाषेत एकक आधी येते, आणि जर्मन भाषक मुलांच्या अंकलेखनातील चुकांत अंकांच्या उलटापालटीच्या चुका ठळकपणे आढळतात, हे मानसशास्त्रीय संशोधनाने दाखविले आहे. चेक मुलांची तीच संख्या दोन्ही क्रमांनी सांगून परीक्षा घेतली असता, उलट्या क्रमाने सांगितल्यावर अधिक चुका झाल्या. अर्थात क्रमामुळे होणारी अडचण काल्पनिक नाही, हे मान्य केले पाहिजे.

तेव्हा ‘वीस एक’ ला विरोध करावयाचा तर तो संस्कृतिनाशाच्या नावाखाली करण्याचे कारण नाही. भाषाशास्त्राच्या बाजूने त्यावर जे आक्षेप येतात ते वेगळे आणि अधिक बारीक आहेत. पहिला असा, की मराठीत ‘वीसएक’ हा शब्द आधीच अस्तित्वात आहे आणि त्याचा अर्थ एकवीस असा नसून ‘सुमारे वीस’ असा आहे. ‘वीसएक माणसे जमली होती’ या वाक्यात मोजणी नाही, अदमास आहे. दहाएक, पन्नासएक, शंभरएक ही रूपे सर्वांच्या बोलण्यातली आहेत. कानडी किंवा तेलुगूचा दाखला देताना ही मराठीची विशेष अडचण ध्यानात घेतली गेली नाही. उच्चारातील आघात आणि विराम यांनी दोन अर्थ वेगळे ठेवता येतील; परंतु ज्या रीतीचा हेतूच संदिग्धता टाळणे हा आहे, तिने पहिल्याच पायरीवर ‘वीस एक’ असा संदिग्ध शब्द द्यावा, हे चमत्कारिक आहे. ‘वीस आणि एक’ असे म्हटले असते, तर हा दोष राहिला नसता.

दुसरा आक्षेप विभक्ती आणि प्रत्यय यांसंबंधीचा आहे. मराठीत संख्यानाम हे केवळ मोजण्याचा शब्द नाही. त्याचे सामान्यरूप होते, त्यापासून क्रमवाचक विशेषण बनते. एकविसावा, बावन्नावा, त्र्याहत्तरीतला, नव्वदीच्या घरातला ही रूपे अखंड नावावरच उभी आहेत. ‘वीस एकावा’ असे कोणी म्हणणार नाही. म्हणजे नव्या वाचनाने शिकलेल्या मुलासही ‘एकवीस’ हा शब्द अखेर शिकावाच लागतो, आणि पुस्तकाने तो शिकविणे सोडलेलेही नव्हते. तिसरी गोष्ट शंभरापुढील संख्यांची. मराठी तेथे मोठे स्थान आधी उच्चारते. ‘एकशे एकवीस’ या नावात शतक आधी, मग एकक आणि शेवटी दशक असा क्रम येतो. ही विसंगती खरी असून दुसरीतील सुधारणेचा लाभ तिसरी-चौथीत अधिक दिसण्याजोगा आहे. त्या बाजूने मात्र वादात युक्तिवाद झाला नाही.

जोडाक्षरांचा मुद्दाही तपासून घेण्यासारखा आहे. त्र्याऐंशी, चौऱ्याण्णव, अठ्ठ्याहत्तर ही नावे अक्षरांत लिहिणे सात वर्षांच्या मुलास जड जाते, यात संशय नाही. परंतु उच्चारणे आणि लिहिणे या दोन निराळ्या गोष्टी होत. पंतोजीच्या शाळेत संख्या मुख्यतः म्हणावयाची आणि अंकात लिहावयाची वस्तू होती. तिचे नाव अक्षरांत लिहावयास लावणे हा छापील पाठ्यपुस्तकांच्या आणि लेखी परीक्षांच्या काळात वाढलेला भार आहे, आणि तो दुसरीच्या वर्गावरून उतरविण्यास संख्यानामांना हात लावण्याची आवश्यकता नव्हती.

या सर्व चर्चेस जी खरी धार होती, ती पुस्तकाबाहेरच्या परिस्थितीमुळे. शहरांतील अनेक मराठी घरांत दूरध्वनीचे क्रमांक, किमती, गुण, घरांचे क्रमांक हे सारे इंग्रजीत उच्चारले जाते. इंग्रजी माध्यमातील मराठी मुलास ‘एकोणसत्तर’ म्हणजे किती, हे आजीला विचारावे लागते. डॉ. नारळीकर (निधन १७ जुलै २०२३) यांचे म्हणणे असे होते, की मराठी शाळेत येणाऱ्या मुलाच्या मनात आरंभीच गणिताची भीती बसू नये. विरोधकांना भय होते ते शब्द हरविण्याचे. परंतु ज्या मुलांच्या तोंडून ते शब्द जात होते, ती मुले बालभारतीचे मराठी गणित वाचणारी नव्हतीच. आणि जी वाचत होती, त्यांच्यापुढे प्रत्येक संख्येशेजारी तो जुना शब्द छापलेला होता.